पाच आडवा, पाच अक्षरी

आबा, तुमच्या थोरल्या मुलाच्या गौरीचं लग्न परवा लागलं. मुहूर्त अकरा चाळीसचा होता आणि पहिलं मंगलाष्टक सुरू झालं तेव्हा एक वाजून गेला होता. म्हणजे सगळं तुमच्या अंदाजाप्रमाणेच झालं. तुम्ही म्हणायचात, आपल्याकडे पत्रिकेवरचा मुहूर्त आचाऱ्यासाठी असतो. त्याने त्या वेळेला बट्ट्या तळायला घ्यायच्या. या वेळी नवरदेवापुढे बँड नव्हता. तुमचं तेरावं होऊन सहाच दिवस झाले होते, म्हणून व्याह्यांनी आपणहून वाजंत्री रद्द केली. तरीही वऱ्हाड दीड तास उशिराच आलं. बँड नसताना उशीर कशाने झाला, हे तुम्ही कोड्यात नक्की विचारलं असतं.

कोडं होतं, आबा. ते कसं झालं, हेच तुम्हाला सांगायला बसले आहे. आणखीही एक सांगायचं आहे, पण तिथपर्यंत यायला मला थोडा वेळ लागेल. तीस वर्षं लागलीच आहेत, आता थोडा आणखी.

लोक भेटायला येतात आणि विचारतात, आबा तुमचे कोण? मी सांगते, वडिलांचे थोरले भाऊ. नात्याचं नाव एवढंच. पण भडगावजवळच्या आपल्या गावातून बारावीनंतर जळगावला शिकायला आलेली मुलगी तुमच्या दोन खोल्यांमध्ये तीन वर्षं राहिली, तेव्हा त्या दोन खोल्यांत आधीच तुम्ही, अक्का आणि तुमची दोन मुलं होतात, हे त्या नात्याच्या नावात कुठे मावतं? कॉलेजात प्रवेश घ्यायला तुम्ही बरोबर आलात. अर्ज तुम्ही भरलात. खिडकीतल्या बाबूने अर्ज वर करून पाहिला आणि विचारलं, हा छापून आणलाय का? त्यावर तुमची मान जी ताठ झाली, ती घरी येईपर्यंत तशीच होती.

छापण्याचंच तर तुमचं काम. सातवी झाल्यावर तुम्ही जळगावच्या छापखान्यात झाडायला लागलात आणि दोन वर्षांत खिळे जुळवायला शिकलात. शिशाची उलटी अक्षरं एकेक करून ओळीत बसवणारा माणूस. त्या छापखान्यात एक साप्ताहिक निघायचं आणि त्यात शब्दकोडं असायचं. काळ्या घरांच्या जागी कोरे ठोकळे बसवता बसवता तुम्हाला कळलं, की कोडं बाहेरून सोडवण्यापेक्षा आतून रचण्यात जास्त मजा आहे. बाकीचं सगळं काम लग्नपत्रिकांचं. एका हातात कोडं आणि दुसऱ्या हातात लग्न असलेल्या माणसाला दोन्ही एकत्र करायला कितीसा वेळ लागणार?

तुम्ही पहिलं लग्नकोडं काढलंत ते माझ्या मोठ्या आत्येबहिणीच्या लग्नात. नवरदेव मारुतीच्या देवळापासून हलत नव्हता, पोरं नाचत होती, आणि मांडवात लोक मुठीत अक्षता धरून कुरकुरत होते. तुम्ही आदल्या आठवड्यातच पत्रिकांच्या उरलेल्या कागदावर कोडं छापून ठेवलं होतं. प्रत्येकाच्या अक्षता नसलेल्या हातात तुम्ही अर्धी पेन्सिल आणि एक कागद दिलात. डाव्या बाजूला मुलीकडचे, उजव्या बाजूला मुलाकडचे. ज्या बाजूचं कोडं आधी सुटेल ती बाजू पहिल्या पंगतीला. पहिली पंगत उठली की उत्तरांचा कागद मांडवाच्या खांबाला चिकटवायचा. मग आपल्याकडे हे ठरूनच गेलं. लग्न ठरलं की आहेराची यादी आणि आबांचं कोडं.

कोड्यातले विनोद मला अजून पाठ आहेत. दोन अक्षरी: मुलगी बघायला आलेल्या मुलाने दोन बशा संपवल्या आणि उत्तर दिलं, ‘कळवतो’. पोहे. तीन अक्षरी: लग्न ठरल्यावर दर आठवड्याला संपतो, लग्न लागल्यावर महिनाभर पुरतो. रिचार्ज. चार अक्षरी: नवऱ्याला आणायला सांगितली तर तो विसरतो, आणि आणली तर शिळी निघते. कोथिंबीर. या कोथिंबिरीमागे खरा नवरा कोण होता ते सगळ्या मांडवाला माहीत असायचं. अक्का पदर तोंडाला लावून हसायची.

हसवताना तुमचे नियम मात्र कडक होते. रंगावर नाही, उंचीवर नाही, कोणाच्या गरिबीवर नाही. जितके टोमणे मुलीच्या बाजूला तितकेच मुलाच्या बाजूला, अगदी मोजून. आणि एक तरी विनोद स्वतःवर. ‘रजा’ हा शब्द त्यातूनच आला. माझ्यासमोर घडलेली गोष्ट आहे. तुम्ही अक्काला मोठ्या कौतुकाने सांगत होतात, की लग्नात छापखान्याच्या मालकाने तुम्हाला चार दिवसांची रजा दिली होती. अक्का भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “तुमले चार दिन भेटनी. मले कधय भेटी?” दुसऱ्या दिवशी कोड्यात आलं: नवऱ्याला लग्नासाठी चार दिवस मिळते, बायकोला लग्न झाल्यापासून मिळालेली नाही. त्यानंतर ‘रजा’ प्रत्येक कोड्यात असायची. आणि त्यानंतर दर अमावास्येला स्वयंपाक तुम्ही करायचात. मी तीन वर्षं ती खिचडी खाल्ली आहे. विनोद बरा असायचा.

आणि शेवटचा आडवा शब्द. तो कधी बदलला नाही. पाच अक्षरी, दोन शब्द: भांडण जिंकलेला नवरा शेवटी जे म्हणतो. ‘चुकलं माझं’. तो सगळ्यांना पाठ होता, म्हणून लोक कोडं सोडवायला शेवटून सुरुवात करायचे. तुम्ही म्हणायचात, पाच घरं तरी प्रत्येकाची भरली पाहिजेत, अडाण्याचीसुद्धा.

माझं शिक्षण तुमच्या कागदांवर झालं, हे मी माझ्या विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते. छापखान्यातून तुम्ही प्रुफांचे पाठकोरे कागद आणायचात. त्यांच्या एका बाजूला माझं सेंद्रिय रसायन आणि दुसऱ्या बाजूला कोणाच्या तरी ‘आमच्या काकाच्या लग्नाला यायचं हं’. परीक्षेत बेंझिनचं वलय आठवताना मला त्याच्या मागचं केळीच्या खांबांचं आणि सनईचं चित्र आठवायचं. निकाल लागला त्या दिवशी तुम्ही छापखान्यातून अर्धा दिवस सुट्टी घेतलीत आणि गावात येऊन घरोघर सांगत फिरलात. आपल्या घरात पहिली. माझे वडील शेतावर होते. त्यांना ही बातमी सगळ्या गावानंतर कळली, आणि यावरून तुम्हा भावांचं दोन दिवस वाजलं होतं.

मग माझं लग्न. आबा, आता तिथे आले मी.

प्रकाशचं घर सावद्याचं, केळीवाले. माणसं चांगली. प्रकाशने वडील गेल्यामुळे कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडून बाग सांभाळली होती. हे त्यांनी लपवलं नव्हतं, आपणही विचारून घेतलं होतं. पत्रिका तुमच्याच छापखान्यात आल्या. आपल्याकडे पत्रिकेत नावापुढे पदवी छापायची किती हौस. त्यांनी दिलेल्या मजकुरात मुलाच्या नावापुढे काही नव्हतं, म्हणून मुलीच्या नावापुढेही काही नव्हतं. मला त्याचं काही वाटलं नाही. पण तुमच्या हातांना ते लागलं. हजारो नवरा-नवरींच्या पदव्या ज्या हातांनी जुळवल्या, त्या हातांना स्वतःच्या पुतणीची गाळावी लागली. हे मला आज कळतं. तेव्हा कळलं नाही.

माझ्या लग्नाच्या कोड्यात पाच आडवा असा होता: आमच्या घरात आजवर एकच झाली, आणि तीही आज चालली तुमच्या घरी. पाच अक्षरी. पदवीधर.

आपली बाजू हसली, कोणी टाळ्याही वाजवल्या. उजव्या बाजूने पेन्सिली खाली ठेवल्या. प्रकाशचे काका, नाना, उभे राहिले. त्यांनी कागदाची घडी घालून खिशात ठेवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “आम्ही मुलगी करायला आलोय. प्रमाणपत्र नाही.” तुम्ही हात जोडून त्यांच्याकडे गेलात. लग्न लागलं, पंगती उठल्या, बाहेरून पाहणाऱ्याला काही कळलंही नसतं. पण बोहल्यावर माझ्या शेजारी उभ्या असलेल्या माणसाची मान खाली होती, ती मी पाहिली होती.

पाठवणीआधी तुम्ही माझ्या खोलीत आलात. मी तेवीस वर्षांची होते, घाबरलेली होते, आणि रागाला जागा तुमच्यावाचून नव्हती. मी म्हणाले, “आबा, सातवी शिकलेल्या माणसाने पदवीची कोडी घालू नयेत.”

तुम्ही आमच्याशी कायम अहिराणीत बोलायचात. त्या दिवशी कोड्यातल्या मराठीत म्हणालात, “चुकलं माझं.” आणि माझ्या बॅगेची चेन बसत नव्हती, ती गुडघ्याने दाबून लावून दिलीत.

सासरी नानांनी दोन-तीन वर्षं माझ्या पदवीवरून टोमणे मारले. चहा गोड झाला की म्हणायचे, सूनबाई, साखरेचं सूत्र चुकलं का? मी ऐकून घ्यायचे आणि मनात तुमच्यावर चिडायचे. पुढे मला धुळ्याला शाळेत नोकरी लागली, आम्ही तिकडे राहायला गेलो, आणि नानांचा टोमणाही जुना होऊन गळून पडला. तुमच्या-माझ्यात वरवर सगळं ठीक होतं. दिवाळीला यायचे, तुमच्या पाया पडायचे. पण नंतरच्या कोणत्याही कोड्यात तुम्ही शिक्षणावरचा एकही शब्द घातला नाही. शाळा नाही, पुस्तक नाही, परीक्षा नाही. मी प्रत्येक लग्नात कागद हातात आला की आधी तेच शोधायचे, आणि ते नाही म्हणून आधी बरं वाटायचं, मग वाईट. माझं ते सातवीचं वाक्य मागे घ्यायला तोंड उघडावं लागत होतं. मी दरवर्षी पुढच्या दिवाळीवर टाकलं.

दहाव्याच्या दिवशी प्रकाशने मला एक सांगितलं. त्याने राहिलेली परीक्षा बाहेरून दिली आणि पास झाला, त्या दिवशी तो घरी संध्याकाळी उशिरा आला होता. मला वाटलं होतं, मित्रांबरोबर गेला असेल. तो निकाल घेऊन थेट जळगावच्या बसमध्ये बसला होता. तुमच्याकडे. तुम्ही दोघांनी बसस्टँडवर शेवभाजी खाल्लीत, आणि तुम्ही त्याला शपथ घातलीत, की उज्जूला हे सांगायचं नाही, तिला वाटेल मीच तुला डिवचलं. तो म्हणाला, “डिवचलं तर होतंच. पण कोणीतरी डिवचायला हवं होतं.” इतकी वर्षं तुम्ही दोघं माझ्यापासून हे लपवत होतात, आणि मी समजत होते, की त्या भांडणाचं ओझं मी एकटीच वाहतेय.

तुमचा शेवटचा फोन गौरीच्या लग्नाच्या महिनाभर आधीचा. मी दहावीचे पेपर तपासत होते. तुम्ही म्हणालात, “उज्जू, एक शब्द ईचारना व्हता तुले.” मी म्हणाले, आबा, रविवारी करते फोन, गठ्ठा द्यायचा आहे. तुम्ही म्हणालात, “घाई नही शे. येय भेटनी का करजो.” वेळ मिळाला की कर. रविवारी घरी पाहुणे आले. सोमवारी मी विसरले. बुधवारी सकाळी तुमच्या मोठ्या मुलाचा फोन आला.

तेराव्यानंतर ओसरीत सगळे बसले होते. नात्यातल्या मोठ्यांनी सांगितलं, तारीख ठरलेली आहे, मुलीचं लग्न थांबवू नका, साधंच करा. व्याही धुळ्याहून आले होते. सगळं बोलून झाल्यावर ते जरा घुटमळले आणि म्हणाले, विचारू की नको असं होतंय, पण आमच्याकडची पोरं विचारताहेत, कोडं असेल का? आबा, मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला, की मी उठून आत पाणी आणायला गेले. मी परत आले तर सगळे खाली मान घालून बसलेले. घरात माणूस गेलंय आणि हसायचं कसं, असं कोणीतरी म्हणत होतं. तेव्हा अक्का बोलली. तेरा दिवस ती कोणाशी धड बोलली नव्हती.

“बठ्ठा जनम लोकेसले हसाडं त्यासनी,” ती म्हणाली. “आते त्यासना नाववर तोंड पाडीसन काय बसनात?”

जन्मभर लोकांना हसवलं त्यांनी, आणि आता त्यांच्या नावाने तोंड पाडून बसलात. अक्का आत गेली आणि तुमची पुठ्ठ्याची पाटी घेऊन आली, पेन्सिल दोऱ्याने बांधलेली. गौरीचं कोडं त्यावर होतं, जवळजवळ पूर्ण. अक्काने ते गौरीच्या हातात दिलं नाही, मुलांच्या हातात दिलं नाही. माझ्या हातात दिलं.

मी तुमचं ते अक्षर वाचत गेले. उभा, परात: कणीक तिंबायला एक, आणि वऱ्हाडाचे पाय धुवायलाही तीच. उभा, वीज: विहीणबाई बोलायला उभ्या राहिल्या की माइकची जाते. उभा, रजा, नेहमीचीच. कोथिंबीर होती, रिचार्ज होता. शेवटच्या ओळीत चुकलं माझं. सगळी घरं भरलेली, सगळी वाक्यं लिहिलेली. फक्त पाच आडवा अर्धा होता. परातीचा प, मग रिकामं घर, विजेचा वी, मग रिकामं घर, रजेचा र. आणि खाली जिथे कोड्याचं वाक्य हवं, तिथे पेन्सिलीने दोन शब्द: उज्जूला विचारून.

आबा, तुम्ही सगळं कोडं त्या एका शब्दाभोवती रचलं होतंत. परात, वीज, रजा, सगळे खांब उभे केलेत, आणि त्याची दोन अक्षरं लिहायला माझी परवानगी मागितलीत. सातवी शिकलेला माणूस तीस वर्षं एका शब्दाच्या दारात उभा राहिला आणि मी त्याला रविवारी फोन करते म्हणाले.

ती दोन घरं मी तिथेच भरली, सगळ्यांसमोर. द आणि ध. माझं अक्षर तुमच्यासारखं सुरेख नाही. मग खालचे दोन शब्द खोडून मी वाक्य लिहिलं. आपल्या घरातल्यांची मी बोटांवर मोजणी केली: मी, प्रकाश, माझा भाऊ, तुमच्या धाकट्याची तिन्ही मुलं, आणि आता गौरी. वाक्य असं झालं: सातवी शिकलेल्या माणसाने आमच्या घरात सात केले.

शेवटच्या ओळीतही मी थोडा बदल केला. ते तुम्हाला विचारल्याशिवाय केलं. आता आपली फिटंफाट.

परवा मांडवात कागद वाटले. तुमच्यासारख्याच अर्ध्या पेन्सिली. नाना आले होते, आता काठी घेऊन चालतात. प्रकाशने त्यांना पुढच्या खुर्चीवर बसवलं. मी लांबून बघत होते. चष्मा वर-खाली करत ते पाच आडव्याशी पोचले आणि बराच वेळ तिथेच थांबले. मग त्यांनी लिहिलं. लोकांनी सवयीप्रमाणे शेवटच्या ओळीपासून सुरुवात केली होती, आणि मांडवात एकेक माणूस वाचता वाचता थांबून माझ्याकडे बघत होता. कारण दरवेळच्या नवऱ्याच्या जागी या वेळी छापलं होतं: भांडण जिंकलेली पुतणी शेवटी जे म्हणते.

नानांनी मला खुणेने बोलावलं. कागदावरच्या त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, “सूनबाई, यात माझंही धर.” मी म्हणाले, नाना, घरं पाचच आहेत. ते म्हणाले, “मावतंय.”

तुमच्या बाजूने, म्हणजे मुलीकडच्यांनी, कोडं आधी सोडवलं, हे सांगायचं राहिलं. पण पहिल्या पंगतीला आपण मुलाकडच्यांना बसवलं. अक्काला मी सगळं कोडं वाचून दाखवलं. ‘रजा’ आली तेव्हा ती म्हणाली, आते भेटनी, आणि हसली, आणि मग तिला रडू आलं. मी तिच्याजवळ बसून राहिले.

पंगत उठल्यावर मी उत्तरांचा कागद मांडवाच्या खांबाला लावला. तुम्ही उत्तरांखाली कधी नाव घालत नव्हतात. म्हणायचात, बाप्याने विनोदावर सही करू नये. मी केली. सगळ्यात खाली लिहिलं, चुकलं माझं. आणि त्याच्याखाली, तुम्ही छापलेल्या माझ्या पत्रिकेत राहून गेलं होतं ते, नीट, पूर्ण: उज्ज्वला, बी.एस्सी., बी.एड.